थेट स्पेशालिस्टकडेच जायचं तर फॅमिली डॉक्टर हवा कशाला?

वाकडवासी

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे मी वाकडला स्थायिक झालोय. बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबाही लातूर सोडून आमच्याकडे राहायला आले. बाबा ६६, आई ६१. त्यांचे नेहमीचे डॉक्टर अर्थातच तिकडे राहिले.

इथे माझी पद्धत सोपी आहे. गुडघा दुखला की ऑर्थो, पोट बिघडलं की गॅस्ट्रो, चक्कर आली की न्यूरो. ॲपवर रेटिंग बघायचं आणि नंबर लावायचा. शिवाय वर्षातून एकदा दोघांचं फुल बॉडी चेकअप. आई मात्र सारखी मागे लागलीय, "एक घरचा डॉक्टर बघून ठेव रे." मला प्रश्न पडतो की एमबीबीएस डॉक्टर शेवटी चिठ्ठीच देणार ना? मग मधलं स्टेशन कशाला?

आत्ताच विचारायचं कारण म्हणजे ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना कॅन्सर निघाला. तीन-तीन स्पेशालिस्ट चालू होते, तरी उशिरा कळलं. तो म्हणतो, आमचा जुना डॉक्टर असता तर त्याला आधीच शंका आली असती. यात तथ्य असतं का, की या नंतर बोलायच्या गोष्टी? स्वतःचे अनुभव असतील तर सांगा. (हल्लीचे डॉक्टर कसे लुटतात हा विषय कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो चारशे प्रतिसादांवर गेलाय.)

कांडीवाली

तथ्य असतं. चिठ्ठी शेवटी देतातच, पण कुणाच्या नावानं, कशासाठी आणि कधी, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्या आण्णांचं सांगते, जरा लांबेल.

आण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. चौसष्टीला आले तरी कुठला साचा अडला की मालक यांनाच हाक मारायचे. तंबाखू नाही, दारू नाही. बीपीची एक गोळी तेवढी चालू, गावभागातल्या आमच्या डॉक्टरांची. डॉक्टर साधे एमबीबीएस. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर बाकडं आणि आत एक पत्र्याचं कपाट. त्यात घराघराप्रमाणे केसपेपरच्या कार्डांचे गठ्ठे लावलेले. आमच्या गठ्ठ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. अक्षर असं की ते फक्त कंपाउंडरला लागतं.

माझा धाकटा भाऊ बंगळुरात असतो. त्यानं आण्णांच्या वाढदिवसाला तुमच्यासारखंच फुल बॉडी चेकअप बुक केलं. मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी मोबाइलवर भलामोठा रंगीत रिपोर्ट हजर. किडनीचं चित्र, लिव्हरचं चित्र, जिथे गडबड तिथे लाल. लाल फार नव्हतं. ड जीवनसत्त्व कमी (ते कुणाचं नसतं?), कोलेस्टेरॉल जरा वर, हिमोग्लोबिन ११.४. पॅकेजमध्ये फोनवर डॉक्टरांचा सल्ला फुकट होता. त्या बाई बोलायला छान होत्या. म्हणाल्या, शाकाहारी आहात, वय झालंय, थोडा ॲनिमिया असायचाच. तीन महिने लोहाच्या गोळ्या घ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे खा. दुसऱ्या दिवशी घरात दोन किलो बीट आलं.

त्याच आठवड्यात बीपीची गोळी संपली म्हणून आण्णा दवाखान्यात गेले. मी माहेरी आलेली, म्हणून मी आणि आई दोघी बरोबर. रिपोर्ट दाखवायला म्हणून कुणी नेला नव्हता, मी मोबाइलवर सहज उघडून दिला. डॉक्टरांनी चित्रं सरकवली, रक्ताच्या पानावर आले आणि उठून कपाटातून कार्ड काढलं. दोन वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन १४.६. गेल्या पावसाळ्यात ताप होता तेव्हा १३.१. आता ११.४. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग आण्णांना सोडून आईला विचारलं, "वहिनी, हे अलीकडं काही भलतंसलतं खातात का?"

आईला हसू आलं. म्हणाली, "भलतं म्हणजे, येताजाता डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकतात. लहान पोरागत. मी डबा वर ठेवला तर स्टूल घेऊन काढतात."

आमच्याकडे ती थट्टेची गोष्ट होती. डॉक्टरांनी कार्डावर लिहून घेतली. अंगातलं लोह फार उतरलं की काहींना माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असलं खायची ओढ लागते, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी आण्णांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ पाहिली. काट्यावर उभं केलं तर कार्डावरच्या आकड्यापेक्षा वजन तीन किलो कमी. "पट्ट्याला नवं भोक पाडलंय का?" पाडलं होतं, तेही जॉबरच्या पान्यापकडीनं. टेबलावर निजवून पोट चाचपलं, उजवीकडे खाली जरा जास्त वेळ. शेवटी आम्हा दोघींना बाहेर पाठवून गुदद्वारातून बोटानं तपासलं.

हाताला काहीही लागलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर नातेवाइकांत "डॉक्टरांनी हात लावल्याबरोबर ओळखलं" अशी कथा तयार झालीय. तसं काही झालं नाही. हाताला काही लागलं नाही तरी त्यांनी विषय सोडला नाही, एवढंच झालं.

आण्णा वैतागले होते. "शौचाला रक्त नाही, कळ नाही, दोन भाकऱ्या खातोय. उगंच काय काढताय?" डॉक्टर म्हणाले, "आण्णा, बायकांचं पाळीतनं जातं, बाळंतपणात जातं. तुमचं कुठनं जातंय? साठीच्या पुरुषाला नुसत्या खाण्यानं एवढं लोह कमी पडत नाही. टाकी गळत असेल तर वरनं पाणी ओतत बसायचं का?"

त्या रंगीत रिपोर्टातच एमसीव्ही ७१ होता, म्हणजे तांबड्या पेशी आकारानं लहान झालेल्या. त्या ओळीवर कुणाची नजरच गेली नव्हती. डॉक्टरांनी वर फक्त फेरीटिन तपासायला लावलं. म्हणजे साठ्यातलं लोह. ते तळाला. झालं, कोलोनोस्कोपीची चिठ्ठी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीनं आतून बघायचं. नुसतं नाव नाही, पाऊण पान मजकूर: तिन्ही आकडे तारखांसकट, वजन, तांदूळ, बोटाची तपासणी नॉर्मल, "कृपया सीकमपर्यंत पाहावे". पुढच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, मी समोरच बसले होते.

मोठं आतडं उजव्या बाजूला सुरू होतं, त्या थैलीसारख्या भागाला सीकम म्हणतात. तिथे आतडं रुंद असतं आणि मळ पातळ, त्यामुळे गाठ वाढली तरी अडत नाही, बद्धकोष्ठ होत नाही. रक्त थेंबाथेंबानं पाझरतं आणि मळात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. माणसाला जाणवतो तो फक्त थकवा. आणि जॉबर माणूस थकला तर घरचे काय म्हणणार? वय झालं.

मधे एक अडचण आली ती आण्णांचीच. दिवाळीचा हंगाम, कारखान्यात ऑर्डर, "सण झाल्यावर बघू". आठवडा उलटला तशी डॉक्टरांनी कंपाउंडरला कारखान्यात पाठवलं. त्यानं चार माणसांत विचारलं, "आण्णा, स्कोपीची तारीख घेतली का? सायेब विचारत्यात." आण्णांना इतका संकोच वाटला की त्याच दिवशी फोन केला. लोहाची गोळी स्कोपीआधी आठवडाभर बंद ठेवायची हेही कंपाउंडरच सांगून गेला, नाहीतर आतडं नीट साफ होत नाही. आदल्या संध्याकाळी ती पोट साफ करायची पेगलेकची पावडर दोन लिटर पाण्यातून, ग्लासामागून ग्लास. आण्णा म्हणतात, ऑपरेशन परवडलं.

सीकममध्ये गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सर. सीटीमध्ये लिव्हर आणि फुफ्फुसं स्वच्छ. उजव्या बाजूचं आतडं काढलं, सोबत काढलेल्या लसीका ग्रंथी सगळ्या स्वच्छ निघाल्या. स्टेज दोन. केमो द्यावी लागली नाही. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळे दागिने गहाण पडले नाहीत.

आता विचार करा, फोनवरच्या बाईंचं ऐकलं असतं तर काय झालं असतं. त्या चुकीच्या बोलल्या असंही नाही, त्यांच्यासमोर हिमोग्लोबिनचा एकच आकडा होता, मागचे नव्हते. पण आण्णांनी तीन महिने गोळ्या खाल्ल्या असत्या आणि हिमोग्लोबिन बहुतेक वर आलं असतं. पुढच्या चेकअपमध्ये ती लाल खूण हिरवी झाली असती. आम्ही पेढे वाटले असते आणि गाठ आत वाढत राहिली असती. मला या गोष्टीची जेवढी धास्ती वाटते तेवढी ऑपरेशनचीही वाटली नव्हती.

तुमच्या पॅकेजमध्ये माणसाची तुलना छापील रेंजशी होते. आमच्या डॉक्टरांनी आण्णांची तुलना आण्णांशीच केली. १३.१ तर रेंजमध्येच होता, तो एकटा बघून कुणालाच काही वाटलं नसतं.

सोनचाफा

कांडीवाली, आण्णांना माझा नमस्कार सांगा. पण नाण्याची दुसरी बाजू मला मांडावीच लागेल.

माझ्या सासूबाई नाशिकच्या. त्यांचेही फॅमिली डॉक्टर होते, वीस वर्षांचे, घरच्या लग्नकार्याला येणारे. सासूबाईंना शौचावाटे रक्त जायचं. डॉक्टर म्हणाले मूळव्याध. मलम दिलं, इसबगोल दिलं, तिखट बंद करायला सांगितलं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा मलम. तपासलं एकदाही नाही. त्यांना संकोच, सासूबाईंना त्याहून जास्त. वर्ष असं गेलं. मग नणंदेनं जबरदस्तीनं सर्जनबाईंकडे नेलं. बाईंनी बोटानं तपासलं आणि तिथल्या तिथे त्यांचा चेहरा बदलला. गाठ गुदाशयात, बोट पोहोचेल इतक्या अंतरावर. रेडिएशन, केमो, ऑपरेशन, पोटावर पिशवी, सगळं झालं. आज आहेत, पण जे भोगलं ते भोगलं.

तेव्हा फॅमिली डॉक्टर म्हणजे देव असं समजून कुणी निश्चिंत राहू नये. ओळख जुनी असली की कधी कधी तपासायचंच राहून जातं.

कांडीवाली

सोनचाफा, शंभर टक्के मान्य. वीस वर्षं ओळखतो म्हणून तपासत नाही, त्याला मी फॅमिली डॉक्टर म्हणणार नाही, कौटुंबिक स्नेही म्हणेन. तुमच्या सासूबाईंनी शिकस्त केली, त्यांनाही सलाम. मूळव्याध असली तरी सोबत दुसरं काही नाही ना हे बघायचं असतं. आमच्याकडे बसस्टँडच्या भिंती "मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन" या जाहिरातींनी रंगलेल्या असतात, तिथे तर तपासणीचा प्रश्नच नाही.

लेस्टरकर

इंग्लंडातून लिहितोय. वाकडवासी, तुम्ही म्हणता ते "मधलं स्टेशन" इथे सक्तीचं आहे. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, जीपीच्या (इथला फॅमिली डॉक्टर) शिफारशीशिवाय स्पेशालिस्ट बहुधा भेटतच नाही. फायदा असा की सगळा इतिहास एका जागी राहतो. आण्णांसारखा रुग्ण इथे जीपीकडे गेला असता तर मळात लपलेलं रक्त शोधणारी फिट नावाची तपासणी घरी करायला दिली असती आणि एक ग्रॅम मळात १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त हिमोग्लोबिन निघालं की तातडीच्या यादीत नाव. पूर्वी कॅन्सरच्या संशयावर दोन आठवड्यांत स्पेशालिस्टनं बघायचं असा नियम होता. ऑक्टोबर २०२३ पासून तो बदलून २८ दिवसांत "आहे की नाही" हे रुग्णाला सांगायचं असं ठरलंय. पाळलं किती जातं हा वेगळा विषय.

पण सोनचाफा म्हणतात तेही इथे घडतं. हल्ली अपॉइंटमेंट दहा मिनिटांची आणि दर वेळी डॉक्टर वेगळा. जेस ब्रॅडी नावाची २७ वर्षांची मुलगी २०२० मध्ये कॅन्सरनं गेली. त्याआधी तिनं वीसहून जास्त वेळा जीपीशी संपर्क साधला होता. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये इथे "जेसचा नियम" आला: एकाच तक्रारीसाठी रुग्ण तिसऱ्यांदा आला, किंवा तक्रार वाढत गेली, तर डॉक्टरांनी थांबून सगळं नव्यानं तपासायचं. तुमच्या गावभागातल्या डॉक्टरांना हे कुणी लिहून द्यावं लागलं नाही, याचं मला कौतुक वाटतं.

जुना_स्टेथो

बार्शीकडे आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस करून आता घरी बसलोय. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, त्यामुळे आमच्या पट्ट्यात हा विषय लोकांच्या कानावर असायचा.

कांडीवाली, तुमच्या डॉक्टरांचं काम उत्तम. पण एक व्यावहारिक बाजू सांगतो. जीपीसमोर दिवसाला साठ-सत्तर माणसं येतात, त्यात थकवा सांगणारी वीस. त्यातल्या कुणाला कॅन्सर असण्याची शक्यता फार थोडी. प्रत्येकाला स्कोपी लिहिली तर लोक दवाखाना जाळतील, आणि बरोबरच करतील. तेव्हा कसब शंका घेण्यात नाही, कुणाची शंका धरून ठेवायची आणि कुणाला घरी पाठवायचं यात आहे. मी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायचो: पंधरा दिवसांत परत आले नाहीत तर निरोप धाडायचा. कंपाउंडर कारखान्यात पाठवणं मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला यायचं ते तोंड. खोकल्याला आलेला असो नाहीतर पाठदुखीला, तंबाखू-सुपारी खाणारा असेल तर "आ कर". तीन बोटं उभी आत जातात का बघायचं. जात नसतील तर सुपारीनं आतली कातडी आखडत चाललीय. मग गालाच्या आत, जिथे बार ठेवतो तिथे, टॉर्चनं बघायचं: पांढरा चट्टा, लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम. बायकांना मिश्रीचं विचारायचं. त्या "तंबाखू नाही" म्हणतात आणि मिश्री मात्र दिवसातून चारदा लावतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखूत धरत नाहीत. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे; माझ्या टेबलासमोर ती कधी जाणवली नाही.

या साध्या बघण्याला किंमत आहे याला पुरावाही आहे. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसतं डोळ्यांनी तोंड तपासलं. तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. मुंबईत टाटाच्या मंडळींनी दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची स्तनांची तपासणी प्रशिक्षित महिला कर्मचाऱ्यांनी हातानं केली. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी. यात मशीन कुठेच नव्हतं.

वाकडवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. पटलं. आता पुढचा प्रश्न: वाकडमध्ये असा डॉक्टर ओळखायचा कसा? इथे सोसायटीच्या गेटवर चार क्लिनिकं आहेत, चारही चकाचक.

कांडीवाली

चकाचक असायला हरकत नाही हो. साध्या सर्दी-खोकल्याला आई-बाबांना घेऊन जा आणि बघा. जुनं काही विचारतात का, वजन करतात का, हात लावून तपासतात का. दुसऱ्या वेळी गेलात तर पहिल्या वेळचं त्यांच्याकडे लिहिलेलं आहे का. कॉम्प्युटरवर असलं तरी चालेल, असलं म्हणजे झालं. "हे कशामुळे होतंय?" असं विचारून बघा. "वयामुळे" एवढंच उत्तर आलं तर पुढच्या क्लिनिकात जा. आणि रुग्णाशीच नव्हे, सोबतच्या माणसाशीही बोलतात का हे बघा. आण्णांनी तांदळाचं जन्मात सांगितलं नसतं.

पॅकेज बंद करू नका, पण रिपोर्ट आला की तो त्या एकाच डॉक्टरांकडे न्यायचा. आणि लातूरचे जुने रिपोर्ट आधी मागवा. नव्या डॉक्टरांना शून्यापासून सुरुवात करायला लावू नका.

वाकडवासी

लातूरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, बाबांची फाइल आहे, २००९ पासूनची. पुढच्या आठवड्यात मामा येणार आहेत, त्यांच्या हाती पाठवतायत. गेटवरच्या एका क्लिनिकातल्या बाई ठीक वाटल्या, शनिवारी बाबांना नेतो.

जुना_स्टेथो

आईचीही फाइल मागवा. लोक वडिलांची तेवढी मागवतात. ६१ वय आहे, स्तनांची तपासणी आणि गर्भाशयमुखाची तपासणी याआधी कधी झालीय का ते विचारा. लातूरला असताना आशाताईंनी घरी येऊन तीस वर्षांपुढच्यांचा आजारांच्या जोखमीचा फॉर्म भरून नेला असेल तर त्याचं पुढे काय झालं तेही. शनिवारी दोघांनाही न्या.